समोर बसून विचारा



वर्षावासात गंगापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. आषाढ पौर्णिमेपासून तिथल्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन झाले, वंदना झाली, खीर वाटली गेली. नंतर निघताना एक वयस्कर उपासिका म्हणाल्या, "आवं, ते दादा दिसत न्हाईत हल्ली. आधी सतरंजी अंथरायला तेच पुढं असायचे."

ते दादा आमच्याही ओळखीचे. पन्नाशीला टेकलेले, वाळूजला कंत्राटावर कामाला. पहाटे कंपनीची बस धरायची आणि संध्याकाळी अंधार पडता पडता घरी यायचे. त्या दोन महिन्यांत आम्हाला ते चार-पाच वेळा तरी रस्त्यात भेटले होते. आम्ही गाडीवरून हात वर करून "जयभीम" म्हणायचो, तेही "जयभीम" म्हणायचे. गाडी पुढे, ते मागे. गाडी बंद करून खाली उतरावे, एवढे काही आम्हाला सुचले नाही.

पुढे काय झाले ते त्यांनीच आम्हाला सांगितले. नाव-गाव न देता लिहायला त्यांची हरकत नाही. घरात सून बाळंत झाली होती. बाळ चौदा दिवसांचे झाले तेव्हा आशाताई वजन करायला आल्या. बाळंतपण दवाखान्यात झाले असले तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, तशी ही भेट. त्या दिवशी दादांना सुट्टी होती आणि ते ओट्याच्या कडेला वेगळे बसले होते. बाळाचे वजन झाल्यावर आशाताई निघून गेल्या नाहीत. ओट्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, रात्री झोप लागती का तुम्हाला?"

एवढाच प्रश्न. दादा आधी गप्प राहिले, मग बोलू लागले. खोकल्याने रात्रभर जाग येते. दोन महिने झाले. संध्याकाळी अंग कोमट होते, पँट कंबरेला सैल झाली आहे. मेडिकलवरून औषधाची बाटली आणून झाली होती. कामावर कळले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील ही भीती होती. घरी सांगितले तर सून बाळाला घेऊन माहेरी जाईल ही दुसरी भीती. दुसऱ्याच दिवशी थुंकीची तपासणी झाली आणि टीबी निघाला.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा न राहवून विचारले, "दादा, एवढे दिवस बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "कोणी बसून इचारलंच न्हाई. मंग सांगायचं कोणाला?"

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर कोणत्या गोळीबद्दल किंवा काढ्याबद्दल न लिहिता, समोरासमोर बसून बोलण्याबद्दल लिहायचे आम्ही ठरवले.

जयभीम म्हणजे मान वर करून बोलणे

आपल्या आजोबा-पणजोबांना समोर बसून बोलण्याची मुभा नव्हती. पाटलाच्या वाड्यापुढे लांब उभे राहायचे, मान खाली घालायची आणि "जोहार मायबाप" म्हणायचे. सावली पडणार नाही एवढे अंतर राखायचे. ओट्यावर चढायचे नाही, खाटेवर बसायचे नाही. जातीने आपले पाणी तोडले आणि त्यासोबत माणसाने माणसाच्या डोळ्यात बघून बोलणेही तोडले.

त्या जोहाराच्या जागी "जयभीम" आला. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास एल. एन. (1904–1939) यांना दिले जाते. जयभीम म्हणताना मान खाली जात नाही. समोरचा कलेक्टर असो की बिगारी, दोघेही एकच शब्द म्हणतात. म्हणजे आपले अभिवादनच मुळात बरोबरीने, समोर उभे राहून बोलण्याची सुरुवात आहे.

पण आज आपण काय करतो? जयभीम गाडीवरून फेकतो, सकाळी मोबाईलवर फुलांच्या चित्रासोबत पाठवतो. चित्र पाठवायला आमची ना नाही, लांबच्या नातेवाइकाला तेवढाच आधार. पण शेजारच्या घरातल्या माणसालाही आपण चित्रच पाठवत असू, तर सुरुवात झाली आणि बोलणे राहून गेले असे होते. आमच्या हातून त्या दादांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धम्म हा सामाजिक आहे असे मांडले आहे. एकटाच माणूस असेल तर त्याला धम्माची गरज पडत नाही, पण दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की धम्माला जागा द्यावीच लागते, असा त्यांचा मुद्दा आहे. धम्म दोन माणसांच्या मधल्या जागेत राहतो. ती जागाच ओस पडली तर धम्म राहील कुठे?

एकटेपणाचा शरीराशी काय संबंध?

"बोलण्याने कुठे रोग बरा होतो का?" असे काही जण विचारतील. टीबीला टीबीचेच औषध लागते, साखरेला साखरेचेच. बोलणे हे औषधाच्या जागी येत नाही. पण औषधापर्यंत पोहोचायला आणि ते शेवटपर्यंत घ्यायला माणूस लागतो.

अमेरिकेतल्या संशोधकांनी 2010 साली जगभरातले 148 अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती होती. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते त्यांची, अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता एकट्या पडलेल्यांपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी जास्त दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये याच विषयावर एक आयोग नेमला. त्याचा अहवाल जून 2025 मध्ये आला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला सुमारे 8 लाख 71 हजार असावेत, असा अंदाज त्यात दिला आहे.

एकटेपणाचे शरीरावर परिणाम कसे होतात? माणसाला सतत आपण एकटेच आहोत असे वाटले की शरीर कायम सावध राहते, जसे रात्री अनोळखी रस्त्याने जाताना राहते. झोप उथळ होते, रक्तदाब वाढलेला राहतो. मग कोणी दारूचा, कोणी तंबाखूचा आधार घेतो. जेवणाची वेळ राहत नाही, गोळी घ्यायची आठवण करायला कोणी नसते. आणि दुखणे सुरू झाले तरी ते कोणाच्या नजरेस पडत नाही.

आपल्या वस्तीत दारे एकमेकांना लागून असतात, भिंत एकच असते. तरीही माणूस एकटा पडू शकतो. घरात सहा माणसे, सहा मोबाईल आणि एक टीव्ही चालू. वाळूजला कोणाची पहिली पाळी, कोणाची रात्रपाळी. एक झोपतो तेव्हा दुसरा उठतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया पहाटे जातात, दिवेलागणीला येतात. एका घरातली माणसे आठ-आठ दिवस नीट समोरासमोर येत नाहीत. यात कोणाचा दोष काढायचा नाही. पोट आहे, काम करावेच लागते. म्हणूनच उरलेल्या वेळात कसे बोलायचे हे शिकावे लागेल.

नागसेनांची अट

गंगापूरहून संभाजीनगरला जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींना नागसेनवन माहीत आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली तिथे महाविद्यालय सुरू केले. त्याचे नाव मिलिंद, परिसराचे नाव नागसेनवन. ही दोन नावे कोणत्या लढाईतून आलेली नाहीत. ती एका संवादातून आली आहेत. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन समोरासमोर बसून बोलले, राजाने प्रश्न विचारले, भिक्खूंनी उत्तरे दिली. तो संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे.

त्या संवादाच्या सुरुवातीला नागसेन एक अट घालतात. ती प्रत्येक बौद्ध घराने लक्षात ठेवावी अशी आहे. राजाने चर्चा करू म्हटल्यावर नागसेन विचारतात त्या अर्थाने: पंडितासारखे बोलणार असाल तर बोलू, राजासारखे बोलणार असाल तर नाही. राजा फरक विचारतो. पंडितांच्या बोलण्यात एकमेकांची चूक दाखवली जाते, माघार घेतली जाते, पण कोणी रागवत नाही. राजाच्या बोलण्यात मात्र राजा एक बाजू धरतो आणि कोणी वेगळे बोलले की त्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंद राजा कबूल होतो की मी राजासारखा बोलणार नाही. मग बोलणे सुरू होते.

आता आपल्या घराकडे पाहू. मुलगी सांगते, "पप्पा, मला सायन्सला जायचंय," आणि आपण म्हणतो, "गप बस, कळतंय का तुला काही?" हे राजाचे बोलणे. बायको सांगते, "पगारातले दोन हजार कमी कसे?" आणि ताट भिंतीला लागते. हेही राजाचेच बोलणे. सासू सुनेला बोलू देत नाही, मोठा भाऊ धाकट्याला. ज्या घरात वेगळे बोलल्यावर शिक्षा होते, त्या घरात माणसे बोलणे बंद करतात. आणि बोलणे बंद झाले की दुखणेही सांगत नाहीत. सुनेचे अंगावरून जास्त जाते, ती सांगत नाही. मुलाला वर्गात मारतात, तो सांगत नाही. दादांचा खोकला त्यातलाच.

तथागतांनी वाणीचे चार दोष सांगितले: खोटे बोलणे, चहाडी करणे, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड. पंचशील घेताना आपण चौथे शील म्हणतो ते याच वाणीचे. आणि चांगल्या बोलण्याच्या पाच खुणाही सांगितल्या. बोलणे योग्य वेळी असावे, खरे असावे, मृदू असावे, हिताचे असावे आणि मैत्रीच्या मनाने असावे. पाचही लागतात. खरे आहे पण चारचौघांत बोलून माणसाची लाज काढली, तर वेळ चुकली. गोड आहे पण खोटे आहे, तर तेही चालत नाही. टीबी झालेल्या माणसाला "काही नाही, साधा खोकला आहे" म्हणणे मृदू आहे, पण खरेही नाही आणि हिताचेही नाही.

ताट वेगळे कशाला?

दादांच्या घरी टीबी कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांचे ताट, तांब्या, अंथरूण वेगळे झाले. नातवाजवळ जायचे नाही, जेवायला बाजूला बसायचे. घरच्यांच्या मनात वाईट काही नव्हते, बाळाची काळजी होती. पण दादा म्हणाले, "आमच्या आज्याला गावानं येगळं पाणी दिलं. मला घरानं दिलं." हे ऐकून त्यांच्या मुलाच्या डोळ्यात पाणी आले.

खरी माहिती अशी. टीबी ताटा-तांब्यातून पसरत नाही, शिवल्याने, सोबत जेवल्याने पसरत नाही. फुप्फुसाच्या टीबीचा रोगी खोकतो, शिंकतो तेव्हा हवेतून जंतू जातात. म्हणून ताट वेगळे करण्याचा काही उपयोग नाही. उपयोग आहे तो तोंडावर रुमाल किंवा मास्क, घरात खेळती हवा आणि वेळेवर औषध याचा. साधा टीबी असेल आणि औषध नीट चालू असेल, तर साधारण दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता खूपच कमी होते. औषध मात्र सहसा सहा महिने घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले तर रोग उलटतो आणि साधे औषध लागू पडेनासे होते.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यावी. लहान बाळ असेल तर आधी त्याचे, कारण लहान मुलांना टीबी लवकर आणि जास्त जोरात होऊ शकतो. बाळाला रोग नसेल तरी तो होऊ नये म्हणून डॉक्टर औषध देतात. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. निक्षय पोषण योजनेतून रोग्याच्या खात्यात महिन्याला जे 500 रुपये येत होते, ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले आहेत. त्याची चौकशी आशाताईंकडे करावी. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर बाटली आणत बसू नये, थुंकी तपासावी.

आणि रोग्याशी बोलायचे कुठे? ओट्यावर, झाडाखाली, उघड्या हवेत. बंद खोलीपेक्षा तिथे धोका खूप कमी. आपला ओटा ही बोलायची जागा आहे आणि आरोग्याचीही.

दवाखान्यात मान खाली घालू नका

आपली माणसे ज्या ठिकाणी सर्वांत कमी बोलतात ते ठिकाण म्हणजे दवाखाना. रांगेत तीन तास उभे राहायचे, आत गेल्यावर दोन मिनिटे मिळतात, त्यात मान खाली. डॉक्टरने "समजलं का?" विचारले की "हो साहेब" म्हणायचे आणि बाहेर आल्यावर चिठ्ठी घेऊन दुसऱ्याला विचारायचे, "यात काय लिवलंय?" ही भीती आपल्या अंगात आपोआप आलेली नाही, पिढ्यान्‌पिढ्या घातलेली आहे. म्हणून ती काढायचीही ठरवूनच लागेल.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पहिलाच हक्क माहिती मिळण्याचा आहे. आपल्याला काय झाले आहे, हे आपल्याला समजेल अशा भाषेत विचारणे म्हणजे उद्धटपणा नाही. डॉक्टरवरही कामाचा ताण असतो, त्यामुळे प्रश्न आधीच ठरवून न्यावेत. आम्ही चार प्रश्न सुचवतो:

1. मला काय झाले आहे?
2. ही गोळी कशासाठी, कधी आणि किती दिवस घ्यायची?
3. काय झाले तर लगेच परत यायचे?
4. पुढची तारीख कोणती?

कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीला सांगा. सोबत एक माणूस न्या, दोघांनी ऐकलेले जास्त लक्षात राहते. शेवटी डॉक्टरांना आपल्या शब्दांत परत सांगा, "म्हणजे सकाळी एक, रात्री एक, जेवण झाल्यावर. बरोबर ना?" चूक असेल तर तिथेच दुरुस्त होते.

कानाने अधू झालेली माणसे आणि बोलू न लागलेली बाळे

घरातली आजी-आजोबा "बोलत नाहीत, कोपऱ्यात बसून असतात" अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पुष्कळदा त्यांना ऐकूच येत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीच्या पुढच्या माणसांत चारातल्या एकापेक्षा जास्त जणांना अडचण यावी एवढे कमी ऐकू येते. दोन-तीनदा "काय? काय?" केल्यावर घरचे चिडतात, म्हणून म्हातारे माणूस विचारणे सोडते आणि उगाच मान हलवते. मग घर म्हणते, यांना काही कळत नाही.

अशा माणसाशी बोलताना टीव्ही बंद करा. समोर बसा, उजेड आपल्या तोंडावर पडू द्या म्हणजे त्यांना ओठ दिसतील. ओरडू नका, ओरडल्याने शब्द आणखी फाटतात. सावकाश, छोट्या वाक्यात बोला. कान तपासून घ्या. कधी कधी नुसता मळ असतो आणि तो काढला की काम होते. कानात तेल, काडी, किल्ली घालू नका. 65 वर्षांपुढच्यांना श्रवणयंत्र, चष्मा अशा वस्तूंसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 मध्ये आली, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करता येईल.

दुसरे टोक बाळाचे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला सर्वांत स्पष्ट दिसते ते वीत-सव्वा वीत अंतरावरचे. अंगावर पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. बाळ भाषा शिकते ते या चेहऱ्याकडे बघून. आई बोलते, थांबते, बाळ हुंकार देते, आई पुन्हा बोलते. मोबाईल थांबत नाही आणि बाळाच्या हुंकाराला उत्तरही देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचना सांगतात की दोन वर्षांच्या आत मुलाला पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासापेक्षा जास्त नको. जेवत नाही म्हणून मोबाईल देण्यापेक्षा अंगणातली कोंबडी दाखवा, भीमाची गाणी म्हणा, आजीच्या मांडीवर द्या. दोन वर्षांचे झाले तरी मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल तर "बापही उशिराच बोलला होता" म्हणून थांबू नका, त्याचे कान तपासा.

मनावरचे ओझे

काही दुखणी तपासणीच्या कागदावर दिसत नाहीत. झोप उडते, कशात मन लागत नाही, जेवण जात नाही, "माझ्यामुळं घराला तरास" असे शब्द येतात. याला नैराश्य म्हणतात आणि हाही आजारच आहे, भित्रेपणा नव्हे.

यात बोलण्याचा किती उपयोग होतो हे आपल्या शेजारच्या गोव्यात तपासले गेले आहे. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, नैराश्य जास्त असलेल्या रुग्णांशी स्थानिक माणसांनी बोलायचे ठरले. ही माणसे डॉक्टर नव्हती, त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले होते. सहा ते आठ वेळा समोर बसून बोलणे झाले. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी 64 टक्के बरे झाले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांतही गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघर जाऊन बोलण्याचे काम केले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चार-पाच जणच मदत घेत होते, दीड वर्षात ते सत्तावीसपर्यंत गेले. आणि आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेमध्ये 2006 साली एका मनोविकारतज्ज्ञाने 14 आज्यांना हाताशी धरले. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकला. आजी बाकावर बसते, दुःखी माणूस शेजारी बसतो, आजी ऐकते. आज त्या बाकांचे नाव जगभर झाले आहे. आपल्याकडे बाक नाही, पण ओटा आहे. आज्याही कमी नाहीत.

ऐकताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. मध्ये बोलू नये. "त्यात काय एवढं, आमच्यावर यापेक्षा वाईट वेळ आली होती" असे म्हणू नये. आणि ऐकलेले वस्तीभर करू नये. चहाडी हा वाणीचा दोष आहे हे विसरू नये. बाईने नवऱ्याच्या मारहाणीचे सांगितले तर "जमवून घे" म्हणून परत पाठवू नये, तिला काय हवे ते आधी विचारावे.

कोणी मरणाची भाषा बोलत असेल तर सरळ विचारा, "जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. "हो" म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून हलवा आणि दवाखान्यात न्या. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तिचा नंबर 14416, फोन मोफत, दिवस-रात्र कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येते.

दोन प्रश्न

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्या घाणीत पडला होता. विहारात इतर भिक्खू होते, पण कोणी जवळ जात नव्हते. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन फिरत तिथे आले. त्यांनी आधी उपदेश केला नाही. जवळ जाऊन दोन गोष्टी विचारल्या: तुला काय होते आहे आणि तुझी शुश्रूषा करायला कोणी आहे का? कोणी नाही असे कळल्यावर त्यांनी पाणी मागवले. त्यांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून खाटेवर ठेवले. नंतर संघाला बोलावून समजावले की तुमचे आई-बाप इथे नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले पाहिजे.

आमची वाचकांना विनंती एवढीच आहे. अश्विन पौर्णिमेपर्यंत प्रत्येक घराने एका अशा माणसाकडे जावे, जो हल्ली विहारात, चौकात, नळावर दिसत नाही. मोबाईल घरी ठेवावा. जयभीम घालून खाली बसावे आणि हेच दोन प्रश्न विचारावेत. उत्तर यायला वेळ लागला तर थांबावे. आणि घरात दिवसातले एक जेवण, कोणतेही, टीव्ही बंद करून सगळ्यांनी एकत्र करावे. पाळीमुळे रोज जमत नसेल तर सुट्टीच्या दिवशी तरी.

दादांच्या गोळ्या आता चौथ्या महिन्यात आहेत. वजन वाढले आहे, बाळाची तपासणी झाली, त्याचे औषध चालू आहे, सून माहेरी गेली नाही. ताट पुन्हा एका पंगतीत आले. गेल्या भेटीत आम्ही गाडी लांबच बंद केली आणि ओट्यावर जाऊन बसलो. सुनेने चहा आणला. दादा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते, तोंडाला रुमाल होता. आमच्यातल्या एकाचा चेहरा बघून त्यांनीच विचारले, "तुमचं काय चाललंय? झोप लागती का?"

भवतु सब्ब मंगलम्.